मुलीच्या हिरड्या, वडिलांची कवळी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ४४ वर्षांच्या वाचकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी १२ वर्षांची आहे आणि मुलगा ६ वर्षांचा. मुलीला सातव्या वर्षी दोनदा आकडी आली, त्यानंतर दोन वर्षे तिने फेनिटॉइनच्या गोळ्या घेतल्या आणि नवव्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या बंद झाल्या. आठव्या वर्षापासून तिच्या हिरड्या वाढू लागल्या. आज पुढचे दात निम्मे झाकले गेले आहेत, मागच्या दाढांची फक्त टोके दिसतात आणि ओठ पूर्ण मिटत नाहीत. दुखत नाही, रक्तही क्वचितच येते. गावातील दंतवैद्यांनी दोनदा दात साफ करून दिले आणि ब्रश नीट करायला सांगितले. हे आकडीच्या गोळ्यांमुळेच झाले अशी तिच्या आईची खात्री आहे, तर वयात आली की हिरड्या बसतील असे आजी म्हणतात. मुलगी शाळेत तोंडावर हात धरल्याशिवाय बोलत नाही. पत्राच्या शेवटी वाचकांनी लिहिले आहे की त्यांना स्वतःलाही लहानपणी हेच होते. तेराव्या आणि सोळाव्या वर्षी हिरड्या कापल्या, त्या पुन्हा वाढल्या, आणि तेविसाव्या वर्षी सगळे दात काढून कवळी बसवावी लागली. लग्न ठरताना त्यांनी दात अपघातात गेल्याचे सांगितले होते आणि १५ वर्षांनंतरही पत्नीला तेच ठाऊक आहे. ‘हे आता सांगावे का, मुलीच्या हिरड्या कापाव्यात की थांबावे, शेवटी तिचेही सगळे दात जाणार असतील तर तिला त्रास कशाला द्यायचा, आणि पुढे तिच्या लग्नाचे काय,’ असे त्यांचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तुम्ही ताजा कलम लिहावा तशी सर्वांत शेवटी लिहिली आहे. पहिली दोन पाने मुलीच्या हिरड्यांविषयी, गोळ्यांविषयी आणि दंतवैद्यांच्या सल्ल्याविषयी आहेत, आणि तुमच्या स्वतःच्या तोंडाची हकिगत अखेरच्या सहा ओळींत आटोपली आहे. त्या सहा ओळींपर्यंत पोहोचलो तेव्हा माझ्या मनात चार-पाच शक्यता होत्या. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. परंतु त्या ओळी वाचल्यावर एक शक्यता बाकी सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. तिला आनुवंशिक जिंजायवल फायब्रोमॅटोसिस म्हणतात. हिरडीतील तंतुमय भागाची ही पिढीजात, अतिशय सावकाश होणारी वाढ आहे. ती कर्करोग नाही, ती संसर्गाने येत नाही आणि ब्रश न केल्यानेही होत नाही.

हा विकार दुर्मीळ आहे. १,७५,००० माणसांत एक असा आकडा वैद्यकीय ग्रंथांत वारंवार येतो, तर जुन्या पुस्तकांत ७,५०,००० मध्ये एक असाही दिसतो. हिरड्यांवर उपचार करण्यातच माझे सारे आयुष्य गेले, तरी असे रुग्ण मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले आहेत. त्यामुळे तुमच्या गावच्या दंतवैद्यांनी मुलीला ब्रशचा सल्ला देऊन परत पाठवले याबद्दल त्यांना दोष देऊ नका. सुजलेली हिरडी घेऊन येणाऱ्या शंभर मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांना तोच सल्ला योग्य असतो. शिवाय त्यांना वेगळा विचार करायला लावेल अशी जी एक गोष्ट होती, ती त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

या विकारात नेमके काय होते ते आधी सांगतो, कारण ते समजले की तुमच्या बऱ्याच प्रश्नांची रूपे बदलतील. आपल्या हिरडीत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचे धागे तयार करतात, आणि जुने धागे मोडून त्यांच्या जागी नवे घालण्याचे कामही तेथे सतत चालू असते. या विकारात धागे तयार होण्याचे प्रमाण वाढते आणि मोडण्याचे प्रमाण कमी होते, त्यामुळे हिरडीत कोलॅजनचा घट्ट गठ्ठा साचत जातो. २००२ मध्ये ब्राझीलमधील एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करताना दुसऱ्या गुणसूत्रावरील ‘एसओएस-१’ या जनुकाच्या सांकेतिक लिपीत एका अक्षराची भर पडल्याचे आढळले. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशींना वाढीचा संदेश पोहोचवण्याच्या साखळीत काम करते, आणि त्यातील बदलामुळे तो संदेश थांबायला हवा तेथे थांबत नाही. पुढे ‘रेस्ट’ नावाच्या आणखी एका जनुकातील बदल काही कुटुंबांत सापडले, आणि गुणसूत्रांवरील इतर काही जागांकडेही बोट दाखवले गेले आहे. म्हणजे वरून एकसारखा दिसणारा हा विकार वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतो. बहुतेक घरांत तो आईकडून किंवा वडिलांकडून थेट पुढच्या पिढीत उतरतो आणि प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नसतो. कधीकधी घरात कोणालाच नसताना एखाद्या मुलात तो नव्यानेही उद्भवतो.

आता त्याची लक्षणे पाहा आणि तुमच्या पत्राशी ताडून पाहा. वाढ साधारणपणे दात हिरडीबाहेर येऊ लागतात त्या काळात सुरू होते. बहुतेकांत कायमचे दात येताना, काहींत दुधाचे दात येतानाच, आणि क्वचित जन्मतः. हिरडी फिकट गुलाबी, घट्ट आणि रबरासारखी लागते. तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक ठिपके दिसतात, ती दाबली तर दुखत नाही आणि सहसा रक्तही येत नाही. वरच्या जबड्याच्या अगदी मागच्या बाजूला, शेवटच्या दाढेपाशी आणि टाळूकडच्या अंगाला ती अनेकदा सर्वांत जाड असते. इतकी की टाळू दोन्ही बाजूंनी आत आल्यासारखी वाटते आणि उच्चार बदलतात. जाड हिरडीखालून कायमच्या दातांना वाट मिळत नाही, म्हणून दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत, मागचे दात उशिरा येतात, आलेले दात एकमेकांपासून दूर सरकतात आणि ओठ मिटेनासे होतात. तुम्ही लिहिले आहे की बाराव्या वर्षीही तिचे सुळे आलेले नाहीत आणि दुधाच्या दोन दाढा तशाच आहेत. तुम्ही हे ओझरते लिहून गेलात, परंतु मला ते फार बोलके वाटले.

तुमच्या पत्नींच्या शंकेकडे वळतो. ती निराधार नाही, आणि तसे तुम्ही त्यांना आवर्जून सांगावे अशी माझी इच्छा आहे. फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढतात हे १९३९ पासून वैद्यकाला ठाऊक आहे आणि ते दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांत कमीअधिक वाढ दिसते. मूत्रपिंड बदलल्यावर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी निफेडिपिन, अॅम्लोडिपिन यांच्यामुळेही असे होऊ शकते. परंतु औषधाने आलेली वाढ गोळ्या सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत दिसू लागते, पुढच्या दातांमधल्या टोकांपासून सुरू होते, दातांवर किटण असेल तेथे अधिक फोफावते आणि औषध बंद केल्यावर काही महिन्यांत बहुधा ओसरू लागते. तुमच्या मुलीच्या गोळ्या बंद होऊन तीन वर्षे झाली आणि या तीन वर्षांत वाढ ओसरली तर नाहीच, उलट वाढत गेली. गोळ्यांनी त्या दोन वर्षांत भर घातली असेल हे शक्य आहे, पण मुळाशी दुसरे काहीतरी असावे असे हा कालक्रमच सांगतो. एक गोष्ट मात्र पत्नींना नीट समजावून सांगा. मुलीला पुढे कधी पुन्हा आकडी आली, तर ‘या औषधांनीच वाट लावली’ या रागापोटी उपचार नाकारला जाऊ नये. आकडीवरची सगळीच औषधे हिरड्या वाढवत नाहीत, आणि हिरड्यांची अडचण सांगितली की मेंदूविकारतज्ज्ञ दुसरे औषध निवडू शकतात. हे पत्र वाचणाऱ्या ज्या पालकांचे मूल आज फेनिटॉइन घेत आहे, त्यांनी ते आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नये, कारण अचानक औषध थांबवल्याने येणारी आकडी हिरडीपेक्षा कितीतरी अधिक धोक्याची असते.

आणि तुमच्या तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याने मला फार वेळ अडवून ठेवले. तुम्ही लिहिता, ‘हिची आई रोज म्हणते, मीच तिला त्या गोळ्या दुधातून दिल्या.’ गेली तीन वर्षे त्या बाई स्वतःला दोषी मानत आहेत. तो दोष त्यांचा नाही हे घरात दोनच माणसांना कळण्यासारखे आहे, एक तुम्ही आणि दुसऱ्या तुमच्या आई, आणि दोघेही गप्प आहात. आईंनी पतीच्या तोंडातही हे पाहिले असेल (तुमचे वडील कधी मोकळे हसताना तुम्ही पाहिले नाहीत, असे तुम्हीच लिहिता), मुलाच्या तोंडात पाहिले आणि आता नातीच्या तोंडात पाहत आहेत. तरीही ‘वयात आली की बसेल’ असे त्या म्हणतात. त्यांना ते खरे वाटते म्हणून नव्हे, ते खरे व्हावे असे वाटते म्हणून त्या तसे म्हणत असाव्यात. त्यांच्यावर रागावू नका. परंतु हिरड्या वयात आल्यावर बसत नाहीत, हे तुमच्या तोंडानेच सिद्ध केले आहे. पौगंडावस्थेत संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात आणि काही वर्षांत उतरतात हे खरे आहे, पण ती सूज लाल, मऊ आणि लगेच रक्त येणारी असते. तिचा या विकाराशी संबंध नाही.

‘सांगावे का’ या प्रश्नामागे तुमचे एक गृहीत आहे. सांगणे म्हणजे कबुली देणे आणि न सांगणे म्हणजे मुलीला जपणे, असे तुम्ही धरून चालला आहात. मी या प्रश्नाकडे डॉक्टर म्हणून पाहतो तेव्हा मला दिसते ते असे: तुमचा इतिहास ठाऊक नसलेला डॉक्टर मुलीला अनेक तपासण्यांतून फिरवेल, गोळ्यांवर संशय धरून बसेल, फक्त सफाई करून पाठवेल, किंवा हिरडी कापून ‘पुन्हा वाढणार नाही’ असे चुकीचे आश्वासन देईल. तुमचा इतिहास ठाऊक असलेला डॉक्टर पहिल्याच भेटीत योग्य दिशेने विचार सुरू करेल. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा त्याच्या आजीबरोबर आला होता. मी मुलाला अर्धा तास तपासत होतो आणि मला काही उमगत नव्हते. निघताना आजींनी पदर तोंडावरून क्षणभर बाजूला केला, आणि जे मुलाच्या तोंडात मला ओळखता आले नव्हते ते मी तेथे ओळखले. त्या दिवसापासून मी प्रत्येक मुलाबरोबर आलेल्या मोठ्या माणसांनाही तोंड उघडायला सांगतो.

पत्नींना सांगाल तेव्हा त्या दुखावतील. हिरड्यांपेक्षा पंधरा वर्षे खोटे सांगितले गेले याचे त्यांना अधिक वाईट वाटेल आणि ते रास्त आहे. त्यांची समजूत एका संध्याकाळी पटेल अशी अपेक्षा ठेवू नका. ‘तुला वाईट वाटू नये म्हणून लपवले’ असे म्हणू नका, कारण ते पूर्ण खरे नाही. लग्न मोडेल याची तुम्हाला भीती वाटत होती, तर तसेच म्हणा. आणि सुरुवात स्वतःच्या लाजेपासून न करता त्यांच्यावरच्या ओझ्यापासून करा: तू दिलेल्या गोळ्यांनी हे झालेले नाही, हे माझ्याकडून आले आहे, मला लहानपणापासून ठाऊक होते आणि मी बोललो नाही. हे मुलीसमोर सांगू नका. आधी दोघांत बोला, मग दोघे मिळून मुलीशी बोला.

मुलीशी बोलणे त्या मानाने सोपे जाईल, असा माझा अनुभव आहे. बारा वर्षांच्या मुलीला गेली चार वर्षे घरीदारी एकच ऐकू येते आहे की ती दात नीट घासत नाही. तिने घासले, अधिक घासले, आणि हिरड्या वाढतच राहिल्या. तिला काय वाटले असेल ते तुमच्याइतके घरात दुसऱ्या कोणाला कळणार नाही. तिच्या वडिलांनाही हेच होते, तिची काही चूक नाही आणि यावर उपचार आहेत, एवढे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुमची कवळी तिला दाखवायची की नाही, हे तुम्ही ठरवा. मी असतो तर दाखवली असती, परंतु त्याबरोबर हेही सांगितले असते की तो वीस-एकवीस वर्षांपूर्वीचा आणि एका वेगळ्या परिस्थितीतला उपाय होता.

कारण ‘शेवटी सगळे दात जाणारच’ हे तुमचे दुसरे गृहीत आहे, आणि त्याच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. दात असतील तेथेच ही हिरडी वाढते, आणि दात काढले की ती बहुधा बसते व क्वचितच परत येते. या निरीक्षणामुळे पूर्वी काही ठिकाणी सगळे दात काढणे हाच कायमचा उपाय मानला गेला. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही, पण वयाच्या तेविसाव्या वर्षी निरोगी दात काढून दिलेली ती सुटका फार महाग होती. आज जाड हिरडी कापून तिला दाताच्या मानेशी योग्य आकार देतात. कधी साध्या शस्त्राने, कधी विद्युत सुरीने, कधी लेझरने, आणि जेथे हाडाचा आकारही सुधारावा लागतो तेथे हिरडीचा पदर उचलून. तोंडाचे चार भाग करून, तेवढाच भाग बधिर करून, एकेक भाग आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने करता येतो. मूल घाबरत असेल किंवा वाढ फार असेल, तर पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सगळे करतात. काही दिवस जखमेवर औषधी लेप राहतो. पेज, मऊ भात, ताक असा थंड आणि तिखट नसलेला आहार, दोन आठवडे क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाने दिवसातून दोनदा चूळ, आणि त्या जागी ब्रश न लावता बाकी दात घासणे, एवढे पथ्य असते. त्या औषधाने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर साफ करून निघतात. आधी सांगितले नसेल तर मुले घाबरतात म्हणून लिहितो.

ती पुन्हा वाढेल का? वाढू शकते. काहींत एक-दोन वर्षांत, काहींत दहा वर्षांनी, काहींत परत वाढतच नाही, आणि एखाद्या मुलात काय होईल ते आधी सांगता येत नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतर हिरडीचा आकार असा होतो की ब्रश दातांपर्यंत पोहोचतो, हिरडीखाली अन्न अडकण्याचे खोटे खिसे राहत नाहीत, आणि दर तीन महिन्यांनी सफाई झाली तर परत येणारी वाढही हळू राहते. तुमच्या तेराव्या आणि सोळाव्या वर्षीच्या शस्त्रक्रियांनंतर तुम्हाला कोणी पुन्हा तपासणीला बोलावले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझा अंदाज आहे की नाही. हिरडी एकदा कापून संपवायची नसते. ती काही वर्षांनी पुन्हा थोडी कापावी लागली तर तो उपचाराचा पराभव नाही. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून आपण चष्मा फेकून देत नाही.

आता करावे की थांबावे, हा तुमचा खरा कठीण प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येते. सर्वसाधारण मत असे आहे की अक्कलदाढा सोडून सगळे कायमचे दात बाहेर आल्यावर, म्हणजे साधारण १२ ते १४ वर्षांच्या दरम्यान शस्त्रक्रिया करावी, कारण दात येण्याच्या काळात वाढीचा जोर सर्वाधिक असतो आणि आधी कापले तर परत वाढण्याची शक्यता अधिक राहते. परंतु दात हिरडीखालीच अडकून राहिले असतील, चावता येत नसेल, बोलणे बिघडले असेल किंवा मूल मनाने खचत असेल, तर थांबण्याला अर्थ नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत या चारपैकी किमान दोन गोष्टी तुम्हीच लिहिल्या आहेत. माझे मत विचाराल तर तिच्या बाबतीत निर्णय पुढे ढकलू नये. आधी संपूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढून सुळे कोठे आहेत, कोणत्या दिशेने आहेत हे पाहावे, वाढ सर्वाधिक आहे तेथून सुरुवात करावी, दातांना वर येण्यासाठी काही महिने द्यावेत आणि मग दातांना तारा लावणाऱ्या तज्ज्ञांनी पुढचे काम हाती घ्यावे. तारा आधी लावू नयेत. जाड हिरडीत तारा लावल्याने सफाई आणखी अवघड होते आणि हिरडी आणखी सुजते. अंतिम निर्णय तिला प्रत्यक्ष तपासणाऱ्या हिरड्यांच्या तज्ज्ञांचाच असेल.

निदान पक्के करण्यासाठी ते काय करतील, हेही ठाऊक असू द्या. रक्ताची साधी तपासणी होईल. कापलेल्या हिरडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जाईल आणि त्यात कोलॅजनचे जाड गठ्ठे व पृष्ठभागाच्या थराची खोलवर उतरलेली लांब बोटे दिसली तर संशयाला बळकटी येईल. मात्र नुसत्या तुकड्यावरून औषधामुळे झालेली वाढ आणि ही वाढ नेहमीच वेगळी काढता येत नाही, म्हणून पुन्हा तेच सांगतो, घराण्याचा इतिहास लागतो. क्वचित हा विकार एकटा नसतो. त्याबरोबर अंगावर दाट केस आणि आकडी, किंवा नखांची व बोटांच्या टोकांची अपुरी वाढ, किंवा हळूहळू कमी होणारे ऐकू येणे अशा गोष्टी असू शकतात. दातांवरचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, पातळ, पिवळसर किंवा नसल्यासारखे असेल, तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडात कॅल्शियम साचले आहे का हे पाहावे लागते. तुमच्या मुलीला आकडी आलेली असल्याने हे सगळे एकदा नीट तपासून घ्या आणि मेंदूविकारतज्ज्ञांची जुनी कागदपत्रे दंततज्ज्ञांना दाखवा. तुम्हाला किंवा तुमच्या वडिलांना कधी आकडी आली नसेल, तर मुलीची आकडी वेगळीच असण्याची शक्यता अधिक, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. जनुकीय चाचणी रक्तावर किंवा लाळेवर होते. तिच्यात काही सापडले नाही म्हणून विकार नाही असे होत नाही, आणि उपचार सुरू करण्यासाठी तिच्यासाठी थांबण्याची गरज नाही.

ज्या वाचकांच्या घरात असा इतिहास नाही आणि मुलांच्या हिरड्या वाढलेल्या दिसत आहेत, त्यांनी हे पत्र वाचून घाबरून जाऊ नये. परंतु एका गोष्टीत मात्र उशीर करू नये. हिरड्या काही आठवड्यांतच सुजल्या असतील, मऊ आणि काळपट लाल असतील, आपोआप रक्त येत असेल, आणि मुलाला ताप, फिकटपणा, थकवा किंवा अंगावर निळे डाग असतील, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी, कारण रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत हिरड्या अशाच सुजतात. वर्षानुवर्षे सावकाश वाढणारी, घट्ट, गुलाबी हिरडी आणि तीन आठवड्यांत फुगलेली, रक्ताळणारी हिरडी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. याशिवाय शाळकरी वयातील काही मुलांच्या वरच्या पुढच्या दातांपाशी, एखाद-दुसऱ्या दाताच्या हिरडीवर मखमलीसारखा लालभडक छोटा ठिपका येतो आणि हात लागला की रक्त येते. त्याला स्पंजासारखी हिरडी वाढणे असे नाव २००७ च्या सुमारास मिळाले. ब्रशने तो जात नाही, कापून काढता येतो, कधी परत येतो, पण तो निरुपद्रवी असतो. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांच्या पुढच्या हिरड्या कोरड्या पडून सुजतात, त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

मुलीच्या लग्नाचा प्रश्न तुम्ही बारा वर्षांच्या मुलीसाठी विचारला आहे. तो तुमच्या स्वतःच्या लग्नातून आलेला आहे हे मी समजू शकतो, पण तिच्या वतीने आजच लपवण्याचा निर्णय घेऊ नका. ती मोठी झाल्यावर कोणाला काय सांगायचे ते तिचे ती ठरवेल, आणि तिला स्वतःला सगळे ठाऊक असेल तरच ती ते ठरवू शकेल. अपत्याला हा विकार येण्याची शक्यता निम्मी असणे म्हणजे काय, आणि तो आला तर त्यावर काय करता येते, हे तिला त्या वयात जनुकीय समुपदेशकाकडून शांतपणे समजून घेता येईल.

मुलाला मात्र विसरू नका. तो सहा वर्षांचा आहे, म्हणजे त्याचे खालचे पुढचे दात आणि पहिल्या कायमच्या दाढा आता येतील. आतापर्यंत काही दिसत नसेल तरी दर सहा महिन्यांनी त्याच्या हिरड्या तपासून घ्या. पाच-सहा वर्षे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागेल, पण त्याला घाबरवू नका. निम्मी शक्यता नसण्याचीही आहे.

तुमच्या भागातील कोणत्याही दंत महाविद्यालयाच्या हिरड्यांच्या म्हणजे पेरिओ विभागात आणि बालदंत विभागात हे काम एकत्र होऊ शकते. खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, आणि गोव्याच्या सीमेजवळच्या वाचकांना बांबोळीचे दंत महाविद्यालय जवळ पडते. जाताना मुलीची आकडीची कागदपत्रे, गोळ्या कधी सुरू झाल्या आणि कधी बंद झाल्या त्या तारखा, आणि तिचे तिसरीपासूनचे शाळेचे फोटो घेऊन जा, म्हणजे वाढीचा वेग कळेल. पत्नींना बरोबर न्या. तुमच्या वेळचा एखादा केसपेपर घरात उरला असेल तर तो शोधा, आईंना विचारा, त्यांच्याकडे असेल. आणि तेविसाव्या वर्षाआधीचा, तोंड मिटलेला का असेना, तुमचा एखादा फोटो सापडला तर तोही त्या फायलीत ठेवा.